हवेत रुग्ण सांभाळताना

प्रश्न : मी जिल्ह्याच्या ठिकाणी रुग्णवाहिकेवर पॅरामेडिक आहे. एअर अ‍ॅम्ब्युलन्समध्ये जायचं तर नव्याने काय शिकावं लागेल?

उत्तर : उपचार बरेचसे तेच, पण सवयी बदलाव्या लागतात. विमानाच्या केबिनमधला दाब साधारण 6000 ते 8000 फूट उंचीइतका असतो. तिथे कोंडलेली हवा सुमारे एक-तृतीयांशाने फुगते. छातीत थोडी हवा साठलेला रुग्ण जमिनीवर ठीक वाटतो आणि वर गेल्यावर गुदमरतो. म्हणून नळी टाकायची की नाही, हे उड्डाणाआधीच ठरवायचं. श्वासनलिकेतल्या नळीचा फुगाही फुगतो. त्याचा दाब मोजून 20 ते 30 सेंटिमीटर पाण्याइतका ठेवायचा, आणि उतरताना तो सैल पडतो म्हणून पुन्हा मोजायचा. हे दुसरं मोजणं घाईत हमखास राहतं.

आवाजात स्टेथोस्कोप निरुपयोगी. कॅप्नोग्राफचा आलेख वाचता आलाच पाहिजे. ऑक्सिजनचा हिशेब कागदावर करा : 1500 लिटरचा सिलिंडर मिनिटाला 10 लिटरने 150 मिनिटं पुरतो, पण धावपट्टीवरचा खोळंबा कोण धरणार? दुप्पट न्या.

हेलिकॉप्टरजवळ मात्र तुमची ज्येष्ठता चालत नाही. वैमानिकाने खूण केल्यावरच, समोरून, वाकून जायचं. शेपटीकडे कधीही नाही. उतार असेल तर खालच्या अंगाने. सलाइनचा स्टँड आडवा धरायचा, टोपी काढून ठेवायची.

आणि उड्डाण करायचं की नाही हे वैमानिक ठरवतो. शक्यतो त्याला रुग्णाची अवस्था सांगूच नका. हवामानाचा निर्णय दयेपोटी होऊ नये.