पिंजऱ्यातील सारथी

अमेरिकेत अनेक लहान गावांच्या बाहेर पाव ते अर्धा मैल घेराची लंबगोल धावपट्टी असते. उन्हाळ्यात तेथे शनिवारी सायंकाळी मोटारींच्या शर्यती भरतात. त्यांतील बहुतेक चालक हौशी असतात. आठवडाभर कारखान्यात, शेतावर किंवा दुकानात राबणारी ही माणसे. त्यांच्या मोटारीही रस्त्यावर वर्षानुवर्षे धावून थकलेल्या, स्वस्तात घेतलेल्या. मुळात कारखान्यातून निघालेल्या साध्या मोटारींच्या शर्यती म्हणून यांना ‘स्टॉक कार’ शर्यती हे नाव पडले.

अशी मोटार धावपट्टीवर उतरवण्यापूर्वी ती आतून रिकामी करावी लागते. काचा, गाद्या, अस्तर, जे जे फुटेल वा पेटेल ते काढून टाकतात. मग सुमारे पावणेदोन इंच व्यासाच्या पोलादी नळ्या वाकवून व वेल्डिंगने जोडून चालकाभोवती पिंजरा उभारतात. मोटार उलटली तरी छत दबू नये, दुसरी मोटार बाजूने आदळली तरी दार आत येऊ नये, हे या पिंजऱ्याचे काम. दारे बहुधा कायमची बंद केलेली असतात. चालक खिडकीतूनच आत शिरतो.

पिंजरा बळकट हवा, म्हणून सारी मोटारच बळकट करावी असे कोणालाही वाटेल. काही हौशी मंडळी तसे करतातही, आणि तेथेच चुकतात. उंचावरून उडी मारताना गुडघे वाकवले, तर धक्का सौम्य होतो. पाय ताठ ठेवले, तर तो थेट मणक्यापर्यंत पोहोचतो. मोटारीचे पुढचे टोक धडकेत चुरगळते, तेव्हा तेही जणू गुडघे वाकवते. ते चुरगळले नाही, तर तो सारा आघात चालकाला सोसावा लागतो.

मोटार थांबली तरी चालकाचे शरीर त्याच वेगाने पुढे जाऊ पाहते. खांद्यांवरून, कमरेवरून व मांड्यांमधून येणारे रुंद पट्टे त्याला आसनाशी जखडून ठेवतात. परंतु जड शिरस्त्राण घातलेले डोके मोकळेच राहते. १८ फेब्रुवारी २००१ रोजी डेटोना येथे शर्यतीच्या अखेरच्या फेरीत डेल अर्नहार्ट यांची मोटार भिंतीवर आदळली आणि कवटीच्या तळाचे हाड मोडून ते मरण पावले. सात वेळा अजिंक्यपद मिळवलेला हा चालक होता! वास्तविक प्राध्यापक रॉबर्ट हबर्ड व त्यांचे मेहुणे, शर्यतपटू जिम डाउनिंग यांनी यावरील उपाय पुष्कळ आधी, १९८० नंतरच्या दशकात, तयार केला होता. खांद्यांवर, पट्ट्यांखाली बसणारी एक कडक कॉलर आणि तिला शिरस्त्राणाशी जोडणारे दोन बंद, एवढेच ते साधन. ऑक्टोबर २००१ मध्ये नॅसकार संस्थेने आपल्या मोठ्या शर्यतींत असे साधन सक्तीचे केले.

लहान धावपट्ट्यांवर मात्र नियम ठिकठिकाणी निराळे आहेत, आणि हौशी चालकाचा खिसाही लहान. हाती आलेले डॉलर इंजिनाला द्यावेत की कॉलरला? इंजिनाने वेग वाढतो व तो सर्वांना दिसतो; कॉलरचा उपयोग एखाद्याच क्षणी व्हायचा. पट्ट्यांचेही तसेच. उन्हाने त्यांचे धागे कमजोर होतात, पण वरून ते नव्यासारखेच दिसतात. म्हणून अनेक धावपट्ट्यांवर पट्ट्यावरील तारीख तपासतात आणि मुदत संपलेला पट्टा असलेल्या मोटारीला परत पाठवतात.

चालकाच्या खिडकीला पट्ट्यांची एक जाळी असते. मोटार उलटताना त्याचा हात बाहेर जाऊ नये, म्हणून ती लावतात. तिचा दुसरा उपयोग धडकेनंतरचा. मोटार थांबली, की सर्वांची दृष्टी त्या खिडकीकडे लागते. चालकाने जाळी सोडून खाली पाडली, म्हणजे तो शुद्धीवर असून सुखरूप आहे. जाळी तशीच राहिली, तर रुग्णवाहिका तत्काळ धावते.