माल बाँडमध्ये ठेवतेस, तर ऐक

अगं, वाल्व्हचा माल बाँडेड गोदामात ठेवायचं म्हणतेस ते पटलं मला. मकरपुऱ्याचं गिऱ्हाईक दर महिन्याला थोडाथोडा माल उचलणार, मग साऱ्या कंटेनरची ड्युटी आजच का भरायची? लागेल तेवढ्याचं एक्स-बाँड बिल भरायचं, तेवढाच माल सोडवायचा. कस्टम्सला ड्युटीच्या तिप्पट रकमेचा बाँड लिहून द्यावा लागतो, त्या आकड्याला घाबरू नकोस. ते पैसे भरणं नव्हे, लिहून देणं आहे. वर तारण मागितलं तर ते किती, हे मात्र सीएचएला, म्हणजे आपल्या कस्टम्स एजंटला, आधीच विचार.

खरी मेख तारखांत आहे. माल ठेवायला एक वर्ष मिळतं म्हणून लोक निवांत होतात. पण ९० दिवस उलटले की ड्युटीवर सालीना १५ टक्के व्याज चढायला लागतं. दहा लाखांच्या ड्युटीला पुढचे दोन महिने लावलेस तर सुमारे पंचवीस हजार गेले, शिवाय गोदामाचं भाडं. तेव्हा नव्वदावा दिवस आत्ताच कॅलेंडरवर लिही.

आणखी एक. डॉलरचा भाव धरतात तो माल बाँडमध्ये टाकतानाच्या बिलाचा. ड्युटीचा दर मात्र माल सोडवतानाच्या एक्स-बाँड बिलाच्या दिवसाचा. म्हणजे जानेवारीत ठेवलेला माल मार्चमध्ये सोडवलास आणि मध्ये बजेटने दर वाढवला, तर वाढीव दर तुझ्या माथी. कमी केला तर फायदाही तुझाच. गिऱ्हाइकाला भाव देताना हे कलम कोटेशनमध्ये घालच.

आणि कुणी कितीही गळ घातली, "दोन नग आजच द्या, कागद उद्या करू," तरी हलायचं नाही. माल गोदामात दाखवता येतो, परवानगीवाचून बाहेर नेता येत नाही. नेलास तर ड्युटी, व्याज, दंड, सगळं एकदम अंगावर येतं, आणि पुढे तुझा प्रत्येक कंटेनर संशयाने बघतात.

विम्याचं तर कुणी सांगतच नाही बघ. गोदामवाल्याचा विमा असतो, पण नियमाने तो काढायचा असतो सरकारच्या ड्युटीपुरता, राष्ट्रपतींच्या नावाने. तुझ्या मालाची किंमत त्यात धरलेली नसते. २०२४ च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्रीचं पाणी बडोद्यात कुठवर शिरलं होतं, ते इथे वासण्यात राहणाऱ्या तुला मी काय सांगू! गोदाम ठरवायच्या आधी ते किती उंचावर आहे ते स्वतः जाऊन बघ, आणि मालाचा विमा वेगळा काढ. हप्ता मी भरते हवं तर, मग दे सावकाश.