हिरवा पडणारा हौद

प्रश्न : भिलाईतील आमच्या सेक्टरच्या क्वार्टरमागील बागेतला हौद वैशाखात हिरवागार होतो. मोरचूद घालावे काय?

उत्तर : मोरचुदाने शेवाळ मरते खरे, परंतु त्यायोगे मासेही दगावण्याचा संभव असल्याने, शिवाय मेलेले शेवाळ कुजताना पाण्यातील प्राणवायू शोषून पुढच्या शेवाळास आयते खतच पुरवीत असल्याने, हा उपाय मी सर्वथा वर्ज्य मानतो. 45 अंशांकडे झुकणारे तुमच्याकडील ऊन आणि माशांच्या उष्ट्या खाद्यातून साचणारे नत्र व स्फुरद, हीच या उपद्रवाची मूळ कारणे होत; सबब निम्मा पृष्ठभाग कुमुदिनीच्या पानांनी आच्छादित राहील अशी तजवीज करावी, खाद्य हात आखडून घालावे आणि तळाचा गाळ उपसावा. सगळे पाणी मात्र एकदम बदलू नये. नळाच्या ताज्या पाण्यातील क्लोरीन माशांस बाधते.