आरोग्याचा पाठ : किटली उचलवेना, म्हणजे टेनिस एल्बो तर नाही?



मागच्या महिन्यात आमच्या गटाची बैठक झाली. बचत जमा झाली, हप्ते झाले, इतिवृत्तावर सह्या झाल्या आणि चहा आला. नेहमी चहा ओतणाऱ्या वहिनींनी किटली उचलली आणि तशीच खाली ठेवली. "उचलत नाय गो ताय, कोपरातून कळ जाते." एकीने तोंड उघडलं तशी दुसरी बोलली, मग तिसरी. मासळी साफ करणारी मावशी म्हणाली, मला दिवाळीपासून आहे. पापडाच्या ऑर्डरी घेणारी म्हणाली, मी तर दोन इंजेक्शनं घेऊन बसलेय. हिशेबाची वही चोख ठेवणाऱ्या आम्ही, पण शेजारी बसलेलीचा हात दुखतोय हे कुणाला माहीत नव्हतं. म्हणून या वेळचा पाठ कोपरावर.

या दुखण्याला टेनिस एल्बो म्हणतात. नाव ऐकून हसू येतं. आपण कुठे टेनिस खेळायला गेलो? इंग्रजांच्या देशात एकोणिसाव्या शतकात टेनिस खेळणाऱ्यांना ते होताना दिसलं, म्हणून हे नाव पडलं. प्रत्यक्षात हा त्रास असणाऱ्यांतल्या बहुतेकांनी टेनिसची बॅट हातातसुद्धा धरलेली नसते. साधारण पस्तीस ते पंचावन्न या वयात तो जास्त दिसतो, आणि ज्यांचा हात सारखा पकडतो, पिळतो, लाटतो, सोलतो त्यांना होतो.

आता नेमकं काय होतं ते पाहू. कोपराच्या बाहेरच्या बाजूला हाताला एक टोकदार हाड लागतं, चाचपून बघा. मनगट वर उचलणारे स्नायू तिथून सुरू होतात. स्नायू हाडाला जिथे बांधलेला असतो तिथे दोरासारखा पट्टा असतो, त्याला कंडरा म्हणतात. आपण काहीही घट्ट पकडलं की मनगट खाली मोडू नये म्हणून हेच स्नायू ताणून धरतात. मासा पकडला तरी, कपडा पिळला तरी, अडकित्त्याने सुपारी कातरली तरी ताण येतो तो त्याच एका जागेवर. होडीचा दोर रोज एकाच खुंटाला घासला की गाठीजवळ त्याचे पदर सुटायला लागतात ना, तसंच हे. फरक एवढाच की दोर आपोआप सांधत नाही, शरीर सांधतं. पण त्याला वेळ लागतो, आणि रोज सांधण्यापेक्षा जास्त झीज झाली तर ते मागे पडतं.

म्हणूनच दुखतं कोपर, पण काम चालू असतं मनगटाचं. ही एक गोष्ट समजली की पुढचं सगळं सोपं जातं. नुसतं कोपराला तेल चोळून का भागत नाही, तेही कळतं.

ओळखायचं कसं? हात समोर सरळ करा, तळवा जमिनीकडे, मूठ वळा. मैत्रिणीला सांगा, मुठीवर वरून दाब दे, आणि तुम्ही मनगट वर उचलायचा प्रयत्न करा. कोपराच्या बाहेरच्या हाडाशी कळ आली तर बहुधा हेच आहे. तळवा खाली ठेवून खुर्ची, तवा किंवा भरलेली किटली उचलताना कळ येणं हीसुद्धा खूण. एक्स-रेत यात बहुतेक वेळा काही दिसत नाही. म्हणून "फोटोत काही नाही, म्हणजे तू नाटक करतेस" असं घरी कुणी म्हटलं, तर हा अंक त्यांच्या हातात द्या.

आपल्या किनाऱ्यावरची कामं बघा. थळ-रेवदंड्यापासून श्रीवर्धनपर्यंत बाईचा हात मुठीतच असतो. मासळी निसरडी, म्हणून ती कोरड्या वस्तूपेक्षा जास्त घट्ट धरावी लागते. अलिबागच्या पांढऱ्या कांद्याच्या माळा विणताना बोटं आणि मनगट तासन् तास वळत राहतात. श्रीवर्धनकडची रोठा सुपारी सोलणं-कातरणं, पोह्याच्या पापडाचं पीठ कुटणं आणि लाटणं, नारळ खवणं, आणि हे सगळं आटोपून घरी गेल्यावर चादरी पिळणं. वर्षभर थोडं थोडं केलं तर हात सोसतो. पण हंगामात किंवा मोठी ऑर्डर आल्यावर एकदम आठ-आठ तास केलं, की दोर सुटायला लागतो. आमच्या चौघींचंही दुखणं असंच, कामाच्या गर्दीत सुरू झालेलं.

याच दुखण्याने सचिन तेंडुलकरलाही घरी बसवलं होतं. २००४ मध्ये त्याचं कोपर बिघडलं, मे २००५ मध्ये लंडनला शस्त्रक्रिया झाली आणि ऑक्टोबर २००५ मध्ये नागपूरला श्रीलंकेविरुद्ध तो परत खेळला, ९३ धावा केल्या. हे सांगते ते दोन कारणांनी. जगातले चांगले डॉक्टर हाताशी असूनही त्याला कित्येक महिने थांबावं लागलं, मग आपलं आठ दिवसांत का बरं होत नाही म्हणून रडू नका. आणि दुसरं, त्याला शस्त्रक्रिया लागली म्हणून घाबरू नका. बहुतेकींचं हे दुखणं साधारण वर्षभरात शस्त्रक्रियेशिवाय बरं होतं, आणि नीट वागलं तर बरंच आधी कमी होतं.

नीट वागणं म्हणजे हात गळ्यात बांधून बसणं नाही. पूर्ण आराम दिला तर स्नायू आणखी कमजोर होतात आणि काम सुरू केलं की कळ परत हजर. शिवाय आराम करायला सांगणारे घरचं पाणी भरायला येत नाहीत! ताण कमी करायचा आणि हळूहळू ताकद वाढवायची, असं दुहेरी काम आहे.

ताण कमी करायला पहिली गोष्ट: उचलताना तळवा वर करा. कळशी, टोपली, क्रेट, काहीही. वरून पंजाने पकडून उचलू नका, खालून हात घाला, कोपर अंगाजवळ ठेवा, दोन्ही हात लावा. बादली अर्धी भरून दोन खेपा करा. किटलीही एका हाताने कानाला धरून आणि दुसऱ्या हाताने खालून कपड्याने आधार देऊन ओता. चादरी पिळू नका. दगडावर दाबून पाणी काढा, निथळत्या वाळत घाला. किनाऱ्याच्या उन्हावाऱ्यात वाळतातच. कोयत्याची, लाटण्याची, चमच्याची मूठ बारीक असेल तर जुन्या सुती कापडाची पट्टी गुंडाळून जाड करा. बारीक मूठ धरायला जास्त जोर लागतो. मासा धरायला खरबरीत कापड किंवा हातमोजा घ्या, पकड सैल ठेवता येते.

आता व्यायाम. यासाठी लागते फक्त अर्ध्या लिटरची पाण्याची बाटली.

पहिले आठ-दहा दिवस बाटलीही नको. दुखरा हात मांडीवर किंवा टेबलावर तळवा खाली करून ठेवा. चांगल्या हाताने त्याच्या पंजावर वरून दाब द्या, आणि दुखऱ्या हाताचं मनगट हलू न देता वरच्या दिशेने जोर लावा. तीस ते पंचेचाळीस आकडे मोजा. थोडं थांबून असं पाच वेळा. यानेच बऱ्याच जणींची कळ थोडी शांत होते.

मग बाटली. हात मांडीवर, मनगट गुडघ्याच्या पुढे लोंबतं, तळवा खाली, हातात रिकामी बाटली. चांगल्या हाताने मनगट वर उचलून द्या. मग आधार सोडा आणि दुखऱ्या हाताने बाटली हळूहळू खाली न्या, पाच आकडे मोजत. वर नेताना मदत, खाली येताना स्वतःचा जोर. खरा फायदा या खाली येण्यात आहे, म्हणून घाई करू नका. दहा ते पंधरा वेळा, मध्ये विश्रांती घेऊन तीनदा. दिवसातून एकदा पुरे. सोपं वाटायला लागलं की पाव बाटली पाणी, मग अर्धी, मग भरलेली.

व्यायाम करताना थोडं दुखेल. दहापैकी तीन एवढं दुखणं चालतं. पण दुसऱ्या दिवशी सकाळीही कालच्यापेक्षा जास्त दुखत असेल तर पाणी कमी करा. बंद करू नका. आणि फरक दिसायला सहा ते बारा आठवडे धरा. इथेच आपण चुकतो. दोन आठवड्यांत कळ कमी झाली की बाटली कोपऱ्यात आणि आपण पुन्हा चादरी पिळायला.

बर्फाने बरं वाटत असेल तर शेका. बंदरावर बर्फाला आपल्याकडे तोटा नाही, पण तो कपड्यात गुंडाळून, दहा मिनिटंच. कुणाला गरम शेक मानवतो, तोही चालेल. दोन्हींनी आराम मिळतो, दुखण्याचं मूळ जात नाही. मेडिकलमध्ये कोपराचा पट्टा मिळतो, तो दुखऱ्या जागेवर नाही तर तिच्या खाली दोन बोटं, काम करतानाच बांधायचा. झोपताना काढायचा. मुंग्या आल्या तर तो फार आवळलाय. जोरजोरात चोळणं आणि डाग देणं, दोन्ही नको. वेदनाशामक गोळ्या रोज स्वतःच्या मनाने घेऊ नका. रक्तदाब, किडनी किंवा पित्ताचा त्रास असणारीने तर नाहीच.

इंजेक्शनचं जरा सविस्तर सांगते, कारण आमच्या पापडवाल्या ताईंचं तेच झालं. कोपरात स्टिरॉइडचं इंजेक्शन दिलं की काही आठवडे जादू वाटते. कळ नाही म्हणून त्या पुन्हा पूर्वीइतकंच लाटायला बसल्या. दोन महिन्यांनी दुखणं परत आलं, दुसरं इंजेक्शन घेतलं, परत तेच. वेगवेगळ्या देशांतल्या अभ्यासांतही हेच दिसलंय की वर्षभरानंतर पाहिलं तर इंजेक्शन घेतलेल्यांची तब्येत न घेतलेल्यांपेक्षा चांगली नसते, उलट दुखणं परत उलटतं. म्हणून कुणी इंजेक्शन देत असेल तर कसलं आहे ते विचारा. मधुमेह असेल तर आधी सांगा, स्टिरॉइडने साखर काही दिवस वाढते.

काही वेळा मात्र घरी थांबायचं नाही. पडून मार लागला असेल, कोपर सुजून लाल-गरम झालं असेल, ताप असेल, हात सरळच होत नसेल, बोटांत मुंग्या किंवा बधिरपणा असेल, मान हलवली की कळ हातात उतरत असेल, तर प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवा. तिथून हाडांच्या डॉक्टरांकडे, अलिबागच्या जिल्हा रुग्णालयात पाठवतील. सहा-आठ आठवडे नेमाने व्यायाम करूनही फरक नसेल तरीही दाखवा आणि फिजिओथेरपीची चौकशी करा. आणि हात दुखतोय त्याबरोबर छातीत दाब, घाम, दम लागत असेल तर ते कोपर नाही, हृदय असू शकतं. लगेच १०८.

राहिला गटाचा भाग. आमच्या गटाने यावर दोन ठराव केले. मोठी ऑर्डर असली की एकीनेच लाटायचं, एकीनेच कुटायचं असं नाही; दर अर्ध्या तासाला कामं बदलायची. दुखणारी मोजेल, पाकिटं भरेल, हिशेब लिहील, पण तिची मजुरी कमी होणार नाही. यावर थोडी वादावादी झाली, खोटं कशाला बोलू. "मग मीही हात दुखतो म्हणेन" असं एकीने म्हटलंच. शेवटी पापडवाल्या ताईंनी विचारलं, उद्या तुझा दुखला तर? मग ठराव मंजूर झाला. दुसरा ठराव नारळ खवायच्या मशीनचा. कर्ज घ्यायचं की नाही ते पुढच्या बैठकीत ठरेल, दरपत्रकं मागवली आहेत.

तुमच्या गटात हा पाठ वाचाल तेव्हा प्रत्येकीने अर्ध्या लिटरची रिकामी बाटली घेऊन यावं, आणि किटली कुणाला उचलवत नाही ते बघावं.