रक्तातले लोह

मागच्या वर्षी सहावीत असताना शाळेत दर आठवड्याला मिळणारी निळी गोळी मी खात नव्हते. गुपचूप दप्तरात लपवायचे. ती खाल्ली की शौचाला काळी होते, त्याची भीती वाटायची.

पुढे हापशावरून कळशी आणताना धाप लागू लागली. दवाखान्यात रक्त तपासले. हिमोग्लोबिन भरले फक्त ९! १२ ते १४ वर्षांच्या मुलामुलींच्या १०० मिलिलिटर रक्तात ते निदान १२ ग्रॅम हवे. आई घाबरलीच.

गुरुजींनी फळ्यावर चित्र काढून समजावले. हिमोग्लोबिन हे एक प्रथिन आहे. त्यात चार साखळ्या एकमेकींत गुंतलेल्या असतात. प्रत्येक साखळीत लोहाचा एकेक अणू असतो. श्वासातला प्राणवायू त्या लोहाला धरून अंगभर फिरतो. लोह कमी पडले, की हिमोग्लोबिनही कमी बनते. मग प्राणवायू वाहणार कोण?

बाजरी, मटकी, हळीव यांत लोह असते. जेवताना लिंबू पिळले तर ते अंगी जास्त लागते. जेवणावर लगेच चहा घेतला तर कमी लागते.

डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या मी नेमाने घेतल्या. आता धाप लागत नाही. शौचाला काळी होणे म्हणजे अंगी न लागलेले लोह बाहेर पडणे, हेही कळले.

मित्रांनो, गोळी जेवणानंतरच खा. दप्तरात साठवलेल्या असतील तर एकदम खाऊ नका, लहान भावंडांच्या हाती देऊ नका. गुरुजींना देऊन टाका. ते रागावत नाहीत!