लढाईचे मूळ : गर्व की दुष्ट हेतु?

अन्यायाच्या लढाईत राजे व सरदार पडतात ते गर्वाने की दुष्ट हेतूने, हा प्रश्न अभ्यासवर्गात घेण्याजोगा आहे. यहूदाचा राजा अमस्या पुष्कळांस ठाऊक आहे. अदोमावर जय मिळताच तो फुगला आणि कारण नसता इस्राएलाच्या राजास आव्हान देऊन बसला (२ राजे १४). तेथे गर्व उघडा दिसतो. सर्वत्र तो इतका उघडा नसतो. हे पाहण्यास कुंभार पिंपळगावाकडील वाचकांस दूर जावयास नको. आपल्याच जालना जिल्ह्याच्या उत्तर भागात, केळणा व जुई ह्या नद्यांच्या संगमाजवळ, असई हे खेडे आहे. तेथे ता. २३ सप्टेंबर १८०३ रोजी जी लढाई झाली तिचा उगम तपासू.

आरंभ पुण्यास झाला. एप्रिल १८०१ मध्ये दुसऱ्या बाजीरावाने विठोजी होळकरास हत्तीच्या पायी देवविले. विठोजीने पुंडाई केली होती हे खरे. पण ह्या क्रूरपणाने राज्याचा काडीइतका लाभ झाला नाही. त्याचा भाऊ यशवंतराव चालून आला. ता. २५ ऑक्टोबर १८०२ रोजी हडपसरास पेशवे व शिंदे यांच्या फौजा मोडल्या, आणि बाजीराव वसईस पळाला. तेथे ३१ डिसेंबरास त्याने इंग्रजांची फौज पदरी घेण्याचा करार केला.

आपणांस न विचारता हा करार झाला, हे दौलतराव शिंदे व नागपूरचे रघूजी भोसले यांस सलले. ते निजामाच्या सरहद्दीजवळ फौजा घेऊन उतरले. इंग्रजांचा वकील कर्नल कॉलिन्स याने खुलासा मागितला, तेव्हा भोसल्यांची भेट झाल्यावर लढाई की सलोखा ते कळेल, असे शिंद्यांनी उत्तर दिले. इंग्रज सेनापती म्हणे, तुम्ही आधी परत जा. हे म्हणत, तुम्ही आधी जा. आधी कोणीच गेले नाही. ३ ऑगस्टास वकील छावणी सोडून निघाला व लढाई जुंपली. बांधावरून भांडणारे दोन भाऊ आपण पाहिले आहेतच. येथवर आम्हांस दोन्हीकडे अभिमानच दिसतो.

पण कलकत्त्यास बसलेल्या लॉर्ड वेलस्लीची गोष्ट निराळी. एकेका दरबारात कंपनीची फौज बसवावी आणि तिचा खर्च त्या दरबारानेच सोसावा, हा त्याचा बेत आधीपासूनचा. हिंदुस्थानात मुलूख जिंकण्याचे बेत आपल्या राष्ट्राच्या अब्रूस विरुद्ध आहेत, असे इंग्लंडच्या पार्लमेंटाने १७८४ सालीच कायद्यात लिहून ठेविले होते. तरी हा गृहस्थ स्वतःस दुष्ट समजत नव्हता. इंग्रजांचे वर्चस्व झाले की देशात शांतता नांदेल, अशी त्याची समजूत होती. म्हणून गर्व व दुष्ट हेतु ह्या दोन वेगळ्या वाटा आहेत असे आम्हांस वाटत नाही. माझ्या लाभातच दुसऱ्याचे हित आहे, अशी खात्री गर्व पुढाऱ्यास देतो. मग आपला लोभ त्याचा त्यालाही दिसेनासा होतो. बाजीरावाचा सूड पोरासही ओळखता येतो. हे ओळखणे कठीण, आणि आमच्या मते अधिक घातक.

जालन्याचा किल्ला २ सप्टेंबरासच इंग्रजांच्या हाती गेला होता. असईस त्यांच्याकडील दीड हजारांवर माणसे मेली किंवा जखमी झाली. त्यांत निम्म्याहून अधिक हिंदी शिपाई. पुढे अडगाव व गाविलगड येथे पुन्हा रक्त सांडले. डिसेंबरात भोसल्यांनी देवगावास व शिंद्यांनी सुर्जी-अंजनगावास तह करून मोठा मुलूख सोडला. त्यातच पाऊस चुकला, फौजांनी दाणावैरण आधीच खाऊन टाकिली होती, आणि १८०३-०४ च्या दुष्काळात दख्खनेतील गावेच्या गावे ओस पडली. ह्या करारांवर त्या गावकऱ्यांपैकी कोणाची सही नव्हती.

१८०५ साली वेलस्लीस परत बोलाविले. कंपनीच्या डायरेक्टरांची मुख्य तक्रार अन्यायाची नव्हती. लढायांनी कंपनीवर कर्ज फार झाले, ही होती.