मातीतलं लोह आणि साईच्या रंगाची ताटली

ताट-वाटीचा आणि इंजिनिअरिंगचा काय संबंध, असं कुणीही विचारेल. माझ्या मते मटेरियल सायन्सचा पहिला धडा ताटलीच्या रंगातच आहे.

कुंभाराचं मडकं लाल का होतं? मातीत लोह असतं. आव्यात भरपूर हवा मिळाली की त्याचं लाल ऑक्साइड होतं. हवा कोंडली की भांडं काळपट निघतं. मग फिकट रंगाचं भांडं हवं असेल तर? याची दोन उत्तरं पाहू.

पहिलं आपल्याच जिल्ह्यातलं. शहादा तालुक्यातलं, तापी-गोमाईच्या संगमावरचं प्रकाशा आपल्याला तीर्थक्षेत्र म्हणून माहीत आहे. १९५५ मध्ये भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचे बी. के. थापर यांनी तिथे उत्खनन केलं. तळाच्या ताम्रपाषाणयुगीन थरांत माळवा पद्धतीची खापरं मिळाली, साधारण साडेतीन हजार वर्षांपूर्वीची. या पद्धतीत भांड्यावर पातळ मातीचा लेप देत. तो भाजल्यावर फिकट पिवळसर किंवा नारिंगी दिसे आणि त्यावर काळी-तपकिरी नक्षी असे. म्हणजे आतलं लोह तसंच, वरून फक्त पांघरूण!

दुसरं उत्तर अठराव्या शतकातल्या इंग्लंडचं. चीनची पोर्सलीनची भांडी महाग पडत. म्हणून स्टॅफर्डशायरच्या कुंभारांनी मातीच बदलली: कमी लोहाची फिकट माती आणि त्यात भाजून दळलेली गारगोटी. भांडं एकदा भाजायचं, मग शिशाचं ग्लेझ, म्हणजे काचेसारखा थर, देऊन पुन्हा भाजायचं. उरलेलं थोडं लोह आणि ग्लेझची पिवळसर छटा यामुळे रंग यायचा दुधावरच्या साईचा. जोसाया वेजवूडने असंख्य चाचण्या घेऊन, प्रत्येकीची नोंद ठेवून ही भांडी सुधारली. १७६५ मध्ये राणी शार्लटने त्याच्याकडून चहाचा संच घेतला आणि पुढे या भांड्यांना 'क्वीन्स वेअर' नाव मिळालं. भट्टीत साधा थर्मामीटर टिकत नाही, म्हणून मातीचा तुकडा किती आकसतो यावरून उष्णता मोजणारा पायरोमीटर त्याने १७८२ मध्ये मांडला.

पण या देखणेपणाची किंमत कामगारांनी मोजली. गारगोटीची धूळ फुफ्फुसात साचायची, ग्लेझमधलं शिसं अंगात भिनायचं. धुळीवरचा उपाय साधा होता: गारगोटी पाण्यात दळायची. थॉमस बेन्सनने त्याचं पेटंट १७२६ मध्येच घेतलं होतं. तरी वाळलेल्या पुडीची धूळ कारखान्यांत उडतच राहिली आणि शिशाचं ग्लेझ तर विसाव्या शतकापर्यंत चाललं.

हॉस्टेलवाल्यांनो, एक कामाची गोष्ट: जुन्या किंवा खात्री नसलेल्या चकचकीत रंगीत बरणीत लोणचं ठेवू नका. ग्लेझमध्ये शिसं असेल तर आंबट पदार्थात ते उतरतं.

उद्या आपण कारखान्यात उभे राहू. तेव्हा वस्तू कशी दिसते हे बघूच, पण ती बनवणाऱ्याच्या श्वासात काय जातं, हाही प्रश्न डिझाइनच्या पहिल्याच पानावर लिहू या.